वानुआतूच्या बाजूने: सांगलीच्या मुलांबरोबर हेगच्या युवा परिषदेत

नेदरलँड्समधील हेग शहरात दर वर्षी जानेवारीच्या अखेरीस शालेय विद्यार्थ्यांची एक मोठी आंतरराष्ट्रीय परिषद भरते. ‘द हेग इंटरनॅशनल मॉडेल युनायटेड नेशन्स’ हे तिचे पूर्ण नाव असले, तरी भाग घेणाऱ्या शाळांत तिला ‘थिमुन’ म्हणूनच ओळखतात. 1968 पासून चालत आलेल्या या परिषदेत देशोदेशींची मुले संयुक्त राष्ट्रांच्या समित्यांप्रमाणे बसतात, ठरावांचे मसुदे लिहितात, त्यांवर वाद घालतात आणि मतदान करतात. प्रत्येक शाळेला एखादा देश नेमून दिला जातो आणि तो बहुधा आपला नसतो. सांगलीतील आमच्या शाळेच्या वाट्याला 2025 च्या परिषदेसाठी वानुआतू आला. मी शाळेत भूगोल शिकवते आणि मुलांची तयारी करून घेणे व त्यांच्याबरोबर जाणे ही दोन्ही कामे माझ्याकडे होती. जागतिक नागरिकत्व हा शब्दप्रयोग आता शिक्षणाच्या प्रत्येक कागदावर असतो. 2015 साली ठरलेल्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांतही तो आहे. तो शिकवायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे मला या निमित्ताने प्रथमच जवळून पाहता आले.

वानुआतू हा पॅसिफिक महासागरातील सुमारे 80 बेटांचा देश आहे. लोकसंख्या तीन लाखांच्या आसपास, म्हणजे सांगली-मिरज-कुपवाड महापालिका क्षेत्राहूनही कमी. ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या संयुक्त अमलातून तो 1980 साली स्वतंत्र झाला. शंभराहून अधिक स्थानिक भाषा बोलणाऱ्या या देशात बिस्लामा ही सर्वांना जोडणारी भाषा आहे. मार्च 2015 मध्ये पाम चक्रीवादळाने तेथील घरे आणि कंदमुळांच्या बागा उद्ध्वस्त केल्या, तर मार्च 2023 मध्ये जुडी आणि केविन ही दोन चक्रीवादळे एकाच आठवड्यात येऊन आदळली. एवढी माहिती मुलांनी पहिल्या काही बैठकांतच गोळा केली. तरीही ती त्यांच्यापासून दूरच होती. भूगोलाच्या पेपरात पाच गुणांसाठी लिहावी, तशी ती फळ्यावर उभी होती.

मुले खऱ्या अर्थाने या विषयाशी बांधली गेली ती वानुआतूतील विद्यार्थ्यांची हकिकत वाचल्यावर. 2019 साली साउथ पॅसिफिक विद्यापीठाच्या पोर्ट व्हिला येथील आवारात कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या 27 विद्यार्थ्यांनी एक प्रश्न हाती घेतला होता: हवामानबदल रोखण्याबाबत राष्ट्रांवर कायद्याने कोणती बंधने आहेत आणि ती मोडली तर काय होते, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाला का विचारू नये? त्यांनी पॅसिफिकमधील सरकारांना पत्रे लिहिली. वानुआतूच्या सरकारने तो विषय उचलून धरला आणि 29 मार्च 2023 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने न्यायालयाचे सल्लामत, म्हणजे बंधनकारक नसलेले कायदेशीर मत, मागणारा ठराव एकमताने संमत केला. वर्गात सुरू झालेली चर्चा चार वर्षांत हेगच्या न्यायालयाच्या दारात पोचली, आणि ज्या शहरात ते न्यायालय आहे त्याच शहरात आमची मुले त्या देशाच्या नावाने बोलणार होती. माझ्या तासाला सहसा मागच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलाने त्या दिवशी विद्यार्थ्यांचे वय किती होते, असे विचारले. ते त्याच्याहून फार मोठे नव्हते.

योगायोगाने आमची तयारी चालू असतानाच, 2 ते 13 डिसेंबर 2024 या काळात, त्या प्रकरणाची तोंडी सुनावणी झाली. 96 राष्ट्रे आणि 11 आंतरराष्ट्रीय संघटना तीत सहभागी झाल्या आणि पहिले म्हणणे वानुआतूने मांडले. न्यायालयाचे कामकाज थेट पाहता येते, आणि हेगमधील सकाळ म्हणजे आपली दुपार असल्याने आम्ही ते संगणक कक्षात बसून पाहिले. सुरुवातीला न्यायालयीन इंग्रजी मुलांना जड गेले. मग मी त्यांना प्रत्येक देशासाठी तीनच गोष्टी टिपायला सांगितल्या: हा देश काय मागतो, कोणत्या आधारावर मागतो आणि त्याला कशाची धास्ती वाटते. या तिसऱ्या रकान्याने मोठे काम केले. देशाची धास्ती शोधायची तर त्याच्या बंदरांकडे, शेतीकडे, कर्जाकडे आणि कारखान्यांकडे पाहावे लागते, आणि तसे पाहू लागले की समोरच्याला खलनायक ठरवून मोकळे होता येत नाही.

भारताची बाजू 5 डिसेंबरला मांडली गेली, तेव्हा कक्षात वेगळीच शांतता होती. जगातील जवळजवळ 18 टक्के लोक भारतात राहतात, पण हरितगृह वायूंच्या आजवरच्या एकूण उत्सर्जनात भारताचा वाटा 4 टक्क्यांहूनही कमी आहे. ज्यांनी आधी प्रदूषण केले त्यांची जबाबदारी अधिक. आणि हवामानविषयक करार अस्तित्वात असताना न्यायालयाने त्यांपलीकडची नवी बंधने घालू नयेत, असे त्या मांडणीचे सार होते. वानुआतूला मात्र नेमके हवे होते ते केवळ करारांवर न थांबणारे उत्तर. एका मुलाने सरळ विचारले, “मॅडम, मग आपण तिथे आपल्याच देशाच्या विरोधात बोलायचं का?” पालकसभेतही हा प्रश्न आला. एका विद्यार्थ्याचे आजोबा, जे स्वतः सैन्यात होते, ते थोडे अस्वस्थ झाले होते आणि त्यांची अस्वस्थता मला रास्त वाटली. मी मुलांना वानुआतूचे भाषण बाजूला ठेवून आधी भारताचे भाषण लिहायला लावले, आणि तेही असे की दिल्लीतल्या एखाद्या अधिकाऱ्याने वाचले तर त्याला त्यात खोट काढता येऊ नये. ते लिहून झाल्यावरच दुसऱ्या बाजूला जायचे, असा नियम ठेवला. आजोबांनी त्यांच्या नातवाचे दोन्ही मसुदे वाचले आणि दुसऱ्यातील दोन वाक्ये अधिक धारदार करून दिली.

सुनावणी संपल्यानंतर चारच दिवसांनी, 17 डिसेंबरला, पोर्ट व्हिलाजवळ 7.3 तीव्रतेचा भूकंप झाला. ज्या शहराच्या रस्त्यांची नावे मुलांना एव्हाना पाठ झाली होती, त्याच शहरातील कोसळलेल्या इमारतींची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली. भूकंपाचा हवामानाशी संबंध नाही, हे मला वर्गात स्पष्ट सांगावे लागले, कारण काही मुलांना तो मुद्दा भाषणात घालायचा होता. दुःख खरे असले तरी युक्तिवाद त्याने खरा होत नाही, हा धडा त्यांनी समजुतीने स्वीकारला.

पर्यावरणविषयक समितीत आमची प्रतिनिधी अकरावीतील एक मुलगी होती. तिचे घर ‘गावभाग’ या सांगलीच्या जुन्या वस्तीत आहे. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांवर गेली, तेव्हा ती प्राथमिक शाळेत होती आणि तिच्या घराचा तळमजला कित्येक दिवस पाण्याखाली होता. आपत्तीनंतरच्या मदतीवर ठरावाचा मसुदा लिहायला बसल्यावर तिने सुरुवातीला इतरांसारखीच वाक्ये लिहिली: निधी वाढवावा, सहकार्य दृढ करावे, जनजागृती करावी. मी तिला विचारले, की पाणी ओसरल्यावर तुमच्या घरी पहिली अडचण कोणती आली? ती म्हणाली, “कागद. शिधापत्रिका, बँकेचं पुस्तक, घरपट्टीची पावती, सगळं भिजून लगदा झालं होतं, आणि मदत मागायला गेलं की तेच आधी मागायचे.” त्यातून तिचे कलम तयार झाले: नुकसानभरपाईच्या कोणत्याही आंतरराष्ट्रीय निधीने, आपत्तीतच नष्ट झालेली कागदपत्रे बाधित कुटुंबांकडून पुरावा म्हणून मागू नयेत आणि गावातील सामूहिक साक्ष किंवा आपत्तीपूर्व उपग्रहचित्रे यांना पर्यायी पुरावा मानावे. पाम वादळानंतर वानुआतूतील कुटुंबांना काय सोसावे लागले असेल, याचा विचार ती प्रथमच माहितीपत्रकाबाहेर जाऊन करत होती. पुराचा तिचा अनुभव तिला त्या बेटांपर्यंत घेऊन गेला, हे मी समोर बसून पाहिले.

प्रवास, व्हिसा आणि खर्चाची जुळवाजुळव यांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. खर्च मोठा होता, एवढे मात्र लपवणे बरोबर नाही. माजी विद्यार्थ्यांनी दोन मुलांचा भार उचलला नसता, तर ती मुले आली नसती.

परिषद ‘वर्ल्ड फोरम’ या सभागृहसंकुलात भरली होती. शेजारीच रासायनिक शस्त्रास्त्रबंदीवर देखरेख ठेवणाऱ्या संघटनेचे मुख्यालय आहे. 2013 चा नोबेल शांतता पुरस्कार याच संघटनेला मिळाला होता. सुरुवातीचा वेळ ‘लॉबिंग’चा असतो. एकाच विषयावर मसुदे घेऊन आलेली मुले एकमेकांना शोधतात, गट करतात आणि अनेक मसुद्यांतून एक मसुदा घडवतात. सूट-टाय घातलेली, लॅपटॉप हातावर तोलणारी, जमिनीवर बसून टाइप करणारी शेकडो मुले आणि त्यांचा सततचा कलकलाट पाहून आमची मुले क्षणभर बुजली. आमच्या प्रतिनिधीला एका मोठ्या गटाने लगेच सामावून घेतले, परंतु संयुक्त मसुद्यात तिचे कागदपत्रांचे कलम ‘बारीक तपशील’ म्हणून वगळले. ती माझ्याकडे आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. शिक्षकांनी मसुद्यात हात घालायचा नाही, असा संकेत आहे आणि मला तो मान्य आहे. मी तिला फक्त विचारले, की या खोलीत आणखी कुणाच्या देशात घरे वाहून जातात? जेवणाच्या सुट्टीनंतर ती बांगलादेशाची बाजू मांडणाऱ्या एका जर्मन मुलाबरोबर आणि फिजीची बाजू मांडणाऱ्या एका तुर्की मुलीबरोबर बसलेली दिसली. त्या तुर्की मुलीला 2023 च्या भूकंपानंतर आपल्या नातेवाइकांनी घराच्या मालकीचे कागद कसे शोधले, ते सांगायचे होते. संध्याकाळपर्यंत त्यांचा गट स्वतंत्र झाला होता आणि ते कलम मसुद्याच्या पहिल्या पानावर आले होते.

मसुदा सादर होण्याआधी तो तपासणाऱ्या मंडळापुढे जातो. हे मंडळ मजकुराशी सहमत आहे की नाही ते पाहत नाही. रचना, भाषा आणि तर्क पाहते. संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीप्रमाणे सबंध ठराव हे व्याकरणदृष्ट्या एकच वाक्य असते: आधी पार्श्वभूमी सांगणारी पोटवाक्ये, मग कृती सांगणारी कलमे, आणि पूर्णविराम थेट शेवटी. ‘योग्य ती पावले उचलावीत’ असे लिहिले की लाल शाईत प्रश्न येतो: कोणी, कोणत्या अधिकाराने, कोणत्या पैशातून? आपल्याकडे वक्तृत्व स्पर्धेत टाळ्या मिळवणारी वाक्ये येथे एकामागून एक खोडली गेली. मुलांना वाईट वाटले, पण माझ्या मते परिषदेतला हा सर्वांत मोलाचा तास होता. जगाविषयी कळवळा वाटणे सोपे आहे; त्या कळवळ्याचे कलम करताना कोणाच्या तिजोरीला हात घालावा लागेल, ते लिहावे लागते.

प्रत्यक्ष चर्चेत प्रतिनिधीने ‘मी’ म्हणायचे नसते, ‘वानुआतूचे शिष्टमंडळ’ असे म्हणायचे असते. एकमेकांना चिठ्ठ्या पाठवायच्या त्या अध्यक्षांच्या मदतनीसांकरवी. भाषणानंतर सभागृहाच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात. जपानच्या प्रतिनिधीने विचारले, की कागदच मागायचे नाहीत, तर खोटे दावे कसे ओळखणार आणि ज्यांचा कर निधीत येतो त्या नागरिकांना काय उत्तर द्यायचे? आमच्या मुलीने थोडा वेळ घेतला आणि सामूहिक साक्षीची पद्धत समजावून सांगितली. गल्लीत कोणाचे घर कोठपर्यंत बुडाले हे शेजाऱ्यांना ठाऊक असते, आणि दहा शेजारी एकाच वेळी खोटे बोलणे हे एका बनावट कागदापेक्षा अवघड असते, असे ती म्हणाली. हे उत्तर आम्ही तयारीत लिहिलेले नव्हते.

त्यानंतर भारताची प्रतिनिधी बोलायला उठली. ती कैरोतील एका शाळेची विद्यार्थिनी होती. तिने भारताची बाजू इतक्या नेमकेपणाने मांडली की मी मागे बसल्या बसल्या ताठ झाले: अजून अनेक घरांत स्वयंपाक लाकडावर होतो, विजेची गरज दर वर्षी वाढते आणि विकासाचा अवकाश आधीच इतरांनी वापरून टाकला आहे, हे सर्व ती स्वतःच्या घरातले बोलावे तशी बोलली. मग ठरावातील एका कलमावर, म्हणजे मोठ्या उत्सर्जक देशांनी आजच्या उत्सर्जनाच्या प्रमाणात भरपाई द्यावी या कलमावर, तिने दुरुस्ती मांडली. ‘आजच्या’ ऐवजी ‘ऐतिहासिक आणि दरडोई’ हे शब्द घालावेत, असे तिचे म्हणणे होते. वानुआतूच्या पाटीमागे बसलेली सांगलीची मुलगी आता काय करणार, याकडे आमची सर्व मुले श्वास रोखून पाहत होती. तिने भारताच्या प्रतिनिधीला एकच प्रश्न विचारला: दरडोई हिशेबाने भारताची जबाबदारी कमी ठरत असेल, तर भारतातल्याच किनाऱ्यावर आणि नदीकाठी राहणाऱ्या गरीब माणसाच्या नुकसानाची जबाबदारी कोणाची? इजिप्तची मुलगी क्षणभर थांबली आणि म्हणाली, की त्यासाठीच भारताला हा निधी हवा आहे, आणि म्हणून या मुद्द्यावर भारत वानुआतूबरोबर उभा राहील. कागदपत्रांच्या कलमाला भारताचे मत मिळाले. भरपाईचे कलम मात्र दुरुस्तीच्या गदारोळात पडले. ठराव त्याच्याविना संमत झाला.

त्या रात्री मुले बराच वेळ बोलत बसली. आपल्या देशाचे म्हणणे एका परक्या मुलीच्या तोंडून, तेही कळकळीने मांडलेले, त्यांनी पहिल्यांदाच ऐकले होते. भारताची बाजू आपणच लिहून काढली होती म्हणून ती आपल्याला समजते, असे त्यांना वाटत होते. पण तिच्या बोलण्यात स्वयंपाकघरातल्या धुराचा जो उल्लेख होता तो त्यांच्या मसुद्यात नव्हता. ज्याच्या घरी धूर आहे त्यालाच तो दिसत नाही, असे एक मुलगा म्हणाला. पुढे त्या इजिप्तच्या मुलीला शोधून त्यांनी तिची टिपणे पाहायला मागितली आणि तिने ती आनंदाने दिली.

या परिषदेत उत्कृष्ट प्रतिनिधीचे बक्षीस नसते. आमच्याकडच्या अशा स्पर्धांत मुले करंडकासाठी एकमेकांना बोलू देत नाहीत, हे मी अनेकदा पाहिले आहे. बक्षीस नसल्यामुळे सहकार्य करण्यात तोटा नव्हता आणि त्याचा परिणाम प्रत्येक खोलीत दिसत होता. तरीही एक उणीव मनात टोचत राहिली. वानुआतूबद्दल एवढे बोलणे झाले, परंतु वानुआतूहून आलेले एकही मूल मला तेथे भेटले नाही. ज्यांच्या पालकांना विमानाचे भाडे परवडते, ज्यांना इंग्रजी अस्खलित येते, त्याच मुलांनी जगाचे प्रतिनिधित्व केले. जागतिक नागरिकत्वाचे शिक्षण एवढ्यावर थांबत असेल, तर ते अपुरे आहे, असे माझे ठाम मत आहे.

परतण्याआधी आम्ही शांतिप्रासाद पाहिला. 1913 साली पूर्ण झालेल्या या इमारतीत आंतरराष्ट्रीय न्यायालय बसते आणि कुलभूषण जाधव प्रकरणाचा जुलै 2019 मधील निकाल येथेच दिला गेला, हे मुलांना ठाऊक होते. पुराचे आणि निकालाचे ते एकच वर्ष. हेगच्या मुक्कामात आणखी एक गोष्ट त्यांच्या मनाला भिडली. 31 जानेवारी 1953 च्या रात्री आलेल्या समुद्राच्या महापुरात नेदरलँड्समध्ये 1,836 माणसे बुडाली आणि त्यानंतर या देशाने दशकानुदशके बंधारे व दरवाजे बांधले. एका यजमान शिक्षकाने हे सांगितल्यावर मुलांनी त्यांना आयर्विन पुलावरील फुटांच्या खुणांबद्दल सांगितले आणि दोघांनी बराच वेळ पाण्याच्या पातळ्यांवर गप्पा मारल्या.

न्यायालयाचे सल्लामत 23 जुलै 2025 रोजी आले. हवामानाचे रक्षण करणे हे राष्ट्रांवरील कायदेशीर बंधन आहे आणि ते मोडल्यास भरपाईची जबाबदारी येऊ शकते, असे न्यायालयाने एकमताने म्हटले. त्याच वेळी, कृती आणि नुकसान यांच्यात पुरेसा थेट व निश्चित संबंध दाखवावा लागेल, असेही स्पष्ट केले. आमच्या प्रतिनिधीने सारांश वाचून मला तो परिच्छेद दाखवला. जपानच्या प्रतिनिधीने तिला विचारलेला पुराव्याचा प्रश्न तेथे, वेगळ्या उंचीवर, पुन्हा उभा होता.

त्याच पावसाळ्यात मुलांनी शाळेत स्वतःची परिषद भरवली, मराठीत. विषय त्यांनीच निवडला: कृष्णेवरील कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची 519.60 मीटरवरून 524.256 मीटर करावी का? कृष्णा पाणीतंटा लवादाने 2010 साली ती परवानगी दिली आणि सांगली-कोल्हापुरात त्यावरून आजही पुराची भीती व संताप आहे. हेगला गेलेल्या मुलांनी स्वतःसाठी कर्नाटकची बाजू मागून घेतली. त्या तयारीत त्यांना रायचूर आणि कलबुर्गीकडचा दुष्काळ सापडला, आणि त्याच धरणासाठी जुन्या बागलकोटचा मोठा भाग पाण्याखाली गेला हेही सापडले. जिल्हा परिषदेच्या दोन शाळांतील मुले महाराष्ट्राच्या बाजूने बोलायला आली होती. त्यांच्यापैकी नदीकाठच्या गावातल्या एका मुलाने, बागलकोटच्या विस्थापितांविषयी ऐकल्यावर, उंचीला आपला विरोध कायम ठेवून विसर्गाची माहिती दोन्ही राज्यांनी दर तासाला जाहीर करावी, असे कलम सुचवले. दोन्ही बाजूंनी ते एकमताने संमत केले. या वर्षी बागलकोटमधील एका शाळेला आम्ही निमंत्रण पाठवले आहे. त्यांच्या मुलांनी महाराष्ट्राची बाजू मांडावी आणि आमच्या मुलांनी कर्नाटकची, असा प्रस्ताव आहे. कानडी आणि मराठी दोन्ही येणारे शिक्षक दुभाषी म्हणून शोधण्याचे काम सध्या चालू आहे.